शैवाल-इंधनाचे गणित आणि मराठवाड्याचे पाणी

१

शैवालांपासून तेल मिळविण्याची कल्पना आज ऐंशी वर्षांहून जुनी झाली आहे. १९४२ साली जर्मनीत हार्डर आणि फॉन विट्श यांनी डायाटम वर्गातील सूक्ष्मशैवालांची मोठ्या प्रमाणावर लागवड करून त्यांतील स्निग्धांश मिळविता येईल, असे सुचविले. १९५३ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी संस्थेने बर्लू यांच्या संपादनाखाली शैवाल-संवर्धनावरील सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी चिंता वाढत्या लोकसंख्येच्या अन्नाची होती. म्हणून त्या ग्रंथात क्लोरेला हे मुख्यतः भावी अन्न म्हणून अवतरले. १९७३ च्या तेलसंकटानंतर चिंतेचा विषय पालटला आणि तेच शैवाल भावी इंधन झाले. पेशी तीच, प्रकाशसंश्लेषणाची मर्यादा तीच. बदलली ती फक्त माणसाची गरज. शैवाल-इंधनावरील लेखन वाचताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. या लेखनातील बरीचशी आशा शैवालाच्या गुणधर्मांतून उगवलेली नसून त्या त्या काळच्या टंचाईतून उगवलेली आहे.

भारतीय विद्यापीठांतून शैवालांवर आज जे प्रबंध लिहिले जातात, त्यांच्या अखेरीस पुष्कळदा एक ठराविक वाक्य आढळते: अभ्यासिलेला वाण जैव-डिझेलच्या दृष्टीने आशादायक आहे. हे वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे असते, आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या अवर्षणप्रवण प्रदेशातील विद्यापीठात ते लिहिताना कोणता पुरावा मागितला पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न केवळ शब्दयोजनेचा नाही. विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे, प्रयोगशाळेची साधने आणि कोठे तळी खोदली गेली तर गावचे पाणी, या सर्वांचा निर्णय अशा वाक्यांच्या आधाराने होत असतो.

२

या विषयावरील सर्वांत अधिक उद्धृत होणारा दस्तऐवज म्हणजे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने चालविलेल्या ‘ॲक्वॅटिक स्पीशीज प्रोग्रॅम’चा १९९८ चा समारोप-अहवाल. १९७८ ते १९९६ या काळात या कार्यक्रमावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. तीन हजारांहून अधिक वाण गोळा करण्यात आले, त्यांतून सुमारे तीनशे निवडले गेले, आणि न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल येथे प्रत्येकी १,००० चौरस मीटरच्या उघड्या तळ्यांत प्रत्यक्ष लागवड करून पाहण्यात आली. अहवालाचे लेखन प्रामाणिक आहे. एखाद्या दिवशी चौरस मीटरला ५० ग्रॅम इतके शुष्क शैवाल मिळाले, हे तो सांगतो. आणि थंडीमुळे हे प्रमाण सातत्याने राखता आले नाही, हेही सांगतो. पेशींना नत्र कमी दिले तर त्यांतील तेलाचे शेकडा प्रमाण वाढते, परंतु वाढ मंदावते आणि तेलाचे एकूण उत्पादन वाढत नाही, हा त्याचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे.

असे असूनही याच अहवालात एक असे विधान आले आहे की जे पुढील लेखकांनी निष्कर्षांपेक्षा अधिक उत्साहाने उचलले. दोन लक्ष हेक्टर जमिनीतून एक ‘क्वाड’ ऊर्जा मिळू शकेल, आणि म्हणून साधनसामग्रीची मर्यादा हा या तंत्राविरुद्धचा आक्षेप ठरू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. एक क्वाड म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतकी ब्रिटिश उष्णता-एकके. तेलाच्या भाषेत सुमारे तीन हजार कोटी लिटर. दोन लक्षांनी भागले असता हेक्टरी वार्षिक उत्पादन दीड लक्ष लिटर येते. आता रॉसवेलचा एका दिवसाचा उच्चांक, म्हणजे ५० ग्रॅम, वर्षाचे ३६५ दिवस टिकला असे मानू आणि त्या शैवालाच्या निम्मे वजन तेलाचे आहे असेही मानू. तरी हेक्टरी तेल एक लक्ष लिटरच्या आतच राहते. म्हणजे अशक्यप्राय अशा दोन गृहीतांचा गुणाकार करूनही अहवालातील आकडा हाती लागत नाही.

हा दोष एका अहवालापुरता नाही; तो या लेखनाच्या रीतीत भिनलेला आहे. एका प्रयोगात नत्र भरपूर असताना मिळालेले वाढीचे प्रमाण घ्यावयाचे, दुसऱ्या प्रयोगात नत्र तोडल्यावर मिळालेले तेलाचे प्रमाण घ्यावयाचे, आणि दोहोंचा गुणाकार करून हेक्टरी उत्पादन मांडावयाचे, अशी ही रीत आहे. या दोन अवस्था एकाच पेशीत एकाच वेळी नांदत नाहीत. चंचुपात्रातील दहा दिवसांचे आकडे तळ्यातील तीनशे दिवसांवर लादणे हा याच रीतीचा घरगुती अवतार होय.

३

मराठवाड्यासाठी हा हिशेब नव्याने मांडणे कठीण नाही. दख्खनच्या पठारावर एका चौरस मीटरला वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे २० मेगाज्यूल सौर ऊर्जा मिळते. उघड्या तळ्यात तिचे शेकडा २ इतके रूपांतर शैवालात झाले तर ते उत्तम संवर्धन म्हणावे लागेल. एक किलो शुष्क शैवालात सुमारे २० मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे दररोज चौरस मीटरला २० ग्रॅम. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरल्यास हेक्टरी ६० टन. त्यात शेकडा २० तेल मानले तर १२ टन, म्हणजे सुमारे १३,००० लिटर. कोणत्याही गळीत धान्यापेक्षा हे उत्पादन कितीतरी अधिक आहे, आणि शैवालांची कीर्ती पसरली ती याच तुलनेमुळे.

परंतु ही तुलना जमिनीच्या एककावर केलेली आहे. रॉसवेलच्या वाळवंटात जमीन मोजणे योग्य होते, कारण त्या योजनेचा भर भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर होता. मराठवाड्यात पडीक जमीन मिळेल. पाणी मिळत नाही. येथे उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी वाफ होऊन जाते. छत्रपती संभाजीनगर परिसराचा पाऊस वर्षाला साधारण ७० सेंटिमीटर. हा सर्व पाऊस तळ्यात साठला असे मानले तरी १.३ मीटरची तूट उरते. म्हणजे हेक्टरी १३,००० घनमीटर किंवा एक कोटी तीस लक्ष लिटर. एक लिटर तेलामागे एक हजार लिटर पाणी असा याचा सरळ अर्थ होतो. प्रत्यक्षात उत्पादन १० ग्रॅमवर आले तर दोन हजार लिटर. शिवाय शैवालाची तळी जेमतेम २०-३० सेंटिमीटर खोल असतात. चार महिन्यांत कोसळणारा पाऊस त्यांत मावत नाही. तो तळ्यातील क्षार आणि खते घेऊन बाहेर पडतो. म्हणून वरील हिशेब शैवालाच्या बाजूने झुकता आहे, असेच म्हटले पाहिजे.

वर्षाला एक कोटी लिटर तेल काढावयाचे ठरविले तर याच झुकत्या हिशेबाने एक हजार कोटी लिटर पाणी लागेल. माणशी रोज १०० लिटर धरल्यास दहा लक्ष लोकांना शंभर दिवस पुरणारे हे पाणी आहे. आणि भारताचा डिझेलचा खप वर्षाला साडेआठ कोटी टनांच्या वर गेलेला असल्याने एक कोटी लिटर तेल देशाला एक तासभरही पुरणार नाही. ज्या प्रदेशातील लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात या दोन आकड्यांचा मेळ घालणे कठीण आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो वाजवी आहे. उसापासून मद्यार्क काढण्यास यापेक्षाही अधिक पाणी लागते. हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी, ८० टन ऊस आणि टनाला ७० लिटर मद्यार्क असे धरले तर लिटरमागे साडेतीन हजार लिटर पाणी पडते; शिवाय लिटरभर मद्यार्कातील ऊर्जा लिटरभर तेलापेक्षा कमी असते. तेव्हा पाण्याच्या मापाने शैवाल उसाहून सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु या तुलनेतून सिद्ध होते ते एवढेच की मराठवाड्यातील ऊस पाण्याच्या हिशेबात फार महाग आहे. एका अपव्ययाच्या आधाराने दुसऱ्याचे समर्थन होत नाही. शिवाय ऊस तोडून गाडीत भरता येतो. शैवालाचे तसे नाही.

तळ्यातील शैवालाचे प्रमाण लिटरला सुमारे अर्धा ग्रॅम असते. एक लिटर तेलासाठी शेकडा २० तेलांशाचे ४.६ किलो शुष्क शैवाल हवे. म्हणजे नऊ हजार लिटरहून अधिक पाणी गाळावे वा घुसळावे लागते. त्यातील बहुतेक पाणी तळ्यात परत जाते, परंतु ते हलविण्यास वीज लागते. गाळल्यावर मिळणाऱ्या लगद्यात घन भाग शेकडा २० मानला, तर एक किलो शुष्क शैवालामागे चार किलो पाणी उडवावे लागते आणि त्यासाठी सुमारे १० मेगाज्यूल उष्णता खर्च होते; खुद्द शैवालात असते २० मेगाज्यूल. लगदा न सुकविता उच्च दाबाखाली तापवून त्याचे तेल करण्याची पद्धत हा खर्च टाळू पाहते. तथापि तिला लागणारी दाबपात्रे आणि उरलेल्या पाण्यातील नत्राची व्यवस्था हे प्रश्न निराळेच आहेत. खताचा हिशेब तितकाच बोलका आहे. शुष्क शैवालात शेकडा ७ नत्र धरल्यास ६० टनांसाठी ४.२ टन नत्र, म्हणजे हेक्टरी सुमारे नऊ टन युरिया लागेल. तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातील नत्र पुन्हा वापरात आणले नाही, तर ‘हरित इंधन’ हे विशेषण येथेच गळून पडते.

कार्बन डायऑक्साइडसाठी औष्णिक वीज केंद्रांच्या धुराकडे बोट दाखविले जाते, आणि मराठवाड्यात परळी वैजनाथचे केंद्र सहज डोळ्यांसमोर येते. परंतु २०१३ च्या दुष्काळात ते केंद्रच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ज्या वर्षी तळ्यांना पाणी मिळणार नाही, त्याच वर्षी धूरही मिळणार नाही. दोन स्वतंत्र म्हणून मांडलेली साधने येथे एकाच पर्जन्यावर अवलंबून आहेत, ही गोष्ट कोणत्याही परदेशी अहवालात सापडणार नाही; ती येथील अभ्यासकानेच पाहावयाची आहे.

४

आतापर्यंतच्या विवेचनावरून शैवाल-संवर्धनच मराठवाड्याला निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कोणते शैवाल आणि कशासाठी, हा प्रश्न योग्य क्रमाने विचारला म्हणजे उत्तर बदलते. आणि या प्रश्नाचे एक उत्तर निसर्गाने जवळच लिहून ठेवले आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस सुमारे दीडशे किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात साठलेले हे पाणी अत्यंत अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. अशा पाण्यात बहुतेक जीवांना थारा नाही, परंतु स्पिरुलिना या नीलहरित शैवालाची तेथे दाट वाढ होते. मेक्सिकोतील टेक्सकोको आणि आफ्रिकेतील चाडच्या परिसरातील क्षारयुक्त जलाशय यांचीही हीच कथा आहे. टेक्सकोको येथे सोडा काढणाऱ्या कारखान्याच्या बाष्पीभवन-तळ्यात स्पिरुलिना आपण होऊन माजली आणि १९७० नंतरच्या दशकात तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. चाडजवळच्या कानेम प्रदेशात ती सुकवून वड्यांच्या रूपाने पूर्वापार खाल्ली जात आहे.

स्पिरुलिनेच्या व्यापारी यशाचे कारण या सरोवरांच्या रसायनातच आहे. उघड्या तळ्याचा मोठा शत्रू म्हणजे वाऱ्याबरोबर येणारी इतर शैवाले आणि त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी. खाण्याचा सोडा घालून पाणी पुरेसे अल्कधर्मी ठेवले म्हणजे हे आगंतुक बहुतांशी दूर राहतात आणि कार्बनही त्याच सोड्यातून मिळतो. स्पिरुलिनेचे तंतू लांब असल्याने ती कापडातून गाळता येते; क्लोरेलाच्या काही मायक्रॉनच्या गोल पेशींसाठी लागणारे घुसळण-यंत्र येथे लागत नाही. उष्णताही तिला मानवते. म्हणजे मराठवाड्याच्या हवेला आणि साधनांना साजेसे असे हे पीक आहे. मात्र तिच्यात प्रथिने शेकडा ५५ ते ६५ असून तेल अगदी थोडे असते. या विषयाचे मर्म येथे आहे. जे शैवाल या प्रदेशात उघड्या तळ्यात टिकते, ते तेल देत नाही. आणि जे भरपूर तेल देते, ते उघड्या तळ्यात टिकविणे दुष्कर आहे. निर्जंतुक चंचुपात्रात केलेल्या निवडीत हा भेद दिसूच शकत नाही, कारण तेथे स्पर्धकाला प्रवेशच नसतो.

भारतीय अनुभवही याच दिशेने जातो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रविज्ञान संशोधन संस्थेत १९७० नंतरच्या दशकात जर्मन सहकार्याने शैवाल-प्रकल्प चालला. व्यंकटरामन आणि बेकर यांनी १९८५ मध्ये भारतीय अनुभवावर जो ग्रंथ लिहिला, तो याच कार्यातून निर्माण झाला. प्रारंभी तेथे सेनेडेस्मस या हिरव्या शैवालावर भर होता. गाळणी आणि सुकवणीचा खर्च ध्यानात आल्यावर स्पिरुलिना पुढे आली. अमेरिकन अहवालाइतका हा ग्रंथ आपल्याकडील प्रबंधांतून उद्धृत होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण भारतीय हवेत, भारतीय मजुरीत आणि भारतीय किमतीत काय घडते याचा विचार त्यात आहे.

बाजारानेही हाच निवाडा दिला आहे. ऑस्ट्रेलियातील खाऱ्या पाण्यात बीटा-कॅरोटीनसाठी डुनालिएलाची आणि तामिळनाडूत अन्नपूरकासाठी स्पिरुलिनेची लागवड टिकून राहिली. उलट २००९ मध्ये साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा करून शैवाल-तेलाच्या संशोधनात उतरलेल्या एक्सॉनमोबिल कंपनीने २०२३ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. इंधनापासून आरंभ करणारी सोलाझाइम ही कंपनी अन्न व प्रसाधनांकडे वळली, तिने नाव बदलले आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. लिटरभर तेलासाठी खर्ची पडणारे साडेचार किलो शैवाल अन्न म्हणून विकले तर किलोला शेकडो रुपये मिळतात. तेल म्हणून विकले तर सगळ्यांचे मिळून जेमतेम एका लिटर डिझेलचे मोल येते. अर्थात ही महाग बाजारपेठ लहान आहे. प्रत्येक शेततळ्यात स्पिरुलिना वाढविण्याचा उपदेश केला तर किंमत कोसळण्यास वेळ लागणार नाही, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

नीलहरित शैवालांचा खत म्हणून उपयोग हा भारतीय संशोधनाचा अभिमानाचा विषय आहे. १९३९ मध्ये पी. के. डे यांनी भातखाचरांतील नत्रस्थिरीकरणात त्यांचा वाटा दाखविला आणि १९५० मध्ये आर. एन. सिंह यांनी उत्तर हिंदुस्थानातील ऊसर जमिनी सुधारण्यासाठी त्यांचा उपयोग सुचविला. परंतु मराठवाडा हा भाताचा प्रदेश नसल्याने या उपयोगाला येथे मर्यादा पडतात.

याहून अधिक लक्ष देण्याजोगा उपयोग सांडपाण्याचा आहे. ऑस्वाल्ड आणि गोल्यूक यांनी १९६० मध्येच सांडपाण्यावर शैवाल वाढवून त्यापासून मिथेन वायू काढण्याची योजना मांडली होती. दररोज एक कोटी लिटर सांडपाणी घेतले आणि त्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र धरले तर रोज ४०० किलो नत्र मिळते. त्यावर सुमारे ५.७ टन शुष्क शैवाल वाढेल आणि २० ग्रॅमच्या मापाने त्यास २८ ते २९ हेक्टर तळी लागतील. अशा नत्रसंपन्न शैवालात तेल शेकडा १० धरल्यास रोजचे तेल सुमारे ६०० लिटर. इंधन म्हणून हा आकडा क्षुल्लक आहे. परंतु या मांडणीत पाणी आणि खत विकत घ्यावे लागत नाही. वाफेने काही गमावले तरी नत्र व स्फुरद काढून घेतलेले उरलेले पाणी नदीला अथवा शेताला देता येते. शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या खाम नदीच्या काठी वसलेल्या नगरात या उपयोगाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. येथे शुद्ध पाणी हे मुख्य फळ आणि शैवाल हे उपफळ. त्याचा वायू करावा, खत करावे किंवा तेल काढावे, हा नंतरचा प्रश्न.

५

लोणारकडे पाहताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ते सरोवर संरक्षित अभयारण्यात असून २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा प्रथम बोट दाखविले गेले ते शैवालाकडे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र तो रंग क्षारप्रिय आर्किया जातीच्या जीवांचा ठरला. पाणी कमी होऊन क्षारता वाढली की कोणता जीव वरचढ होईल, याचा अंदाज अनुभवी अभ्यासकांनाही पाहताक्षणी बांधता येत नाही, असे या घटनेने दाखविले. मानवनिर्मित तळ्यांनाही हेच लागू आहे. लोणार हे शेत म्हणून वापरावयाचे नाही. ते वाचावयाचे आहे.

मराठवाड्यातील शैवालांच्या अभ्यासाची परंपरा नवी नाही. एन. डी. कामत यांनी १९७४ मध्ये ‘फायकॉस’ या नियतकालिकात या विभागातील शैवालांची जी नोंद प्रसिद्ध केली, तीमागे कोणतेही इंधन नव्हते. येथील पाण्यात काय जगते, हे जाणण्याची इच्छा होती. उपयोजनाच्या घाईत तो प्रश्न मागे पडला आहे, आणि उपयोजनाचे खरे उत्तर त्याच प्रश्नात दडलेले आहे. ‘आशादायक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तीन आकडे देण्याचा दंडक विभागाने घालून घेतला तर या लेखनाचे रूप पालटेल. पहिला, उघड्या तळ्यातील सलग बारा महिन्यांचे उत्पादन, ज्यात मे महिन्याचे ऊन आणि जुलैचा पाऊस दोन्ही आले आहेत. दुसरा, हेक्टरऐवजी घनमीटर पाण्यामागे मिळालेले शैवाल. आणि तिसरा, ढवळणे, गाळणे, सुकविणे व खत यांवर खर्ची पडलेली ऊर्जा वजा जाता उरलेली ऊर्जा. या तीन कसोट्यांना उतरणारा वाण तेलाचा नसून चाऱ्याचा किंवा सांडपाण्याचा निघाला, तर ते संशोधनाचे अपयश मानण्याचे कारण नाही. जायकवाडीचे पाणी पिणाऱ्या शहरात पाण्याच्या मापाने मोजलेला लहान आकडा हा जमिनीच्या मापाने मोजलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह आणि अधिक उपयोगी ठरेल.